सॉफ्टनरचे पाणी धुण्या-अंघोळीचे, पिण्याचे नव्हे

पातूर परिसर काळ्या पाषाणाचा. या खडकातून झिरपलेले बोअरचे पाणी बहुधा जड असते. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ लवकर शिजत नाही, गंजाच्या बुडाला पांढरा थर बसतो. म्हणून कुणी घरी, कुणी चार घरांच्या वर्गणीतून सॉफ्टनर बसवतो. बसवला की काम संपले, असे मात्र नाही.

सॉफ्टनरमधले रेझिनचे मणी पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की ते मिठाच्या पाण्याने धुवावे लागतात. मीठ संपले तर यंत्र नुसते उभे राहते आणि पाणी जडच येते.

मिठाची टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका. बारीक मीठ नको. स्वच्छ जाडे मीठ किंवा सॉफ्टनरच्या गोळ्या घाला. पावसाळ्यात मिठाचा वरचा थर आवळून खाली पोकळी राहते, तो लाकडी काठीने हळूच फोडा. वर्षातून एकदा तळाचा गाळ काढा. मणी धुतलेले खारे पाणी झाडांना किंवा विहिरीजवळ सोडू नका. बाटलीत सॉफ्टनरचे पाणी आणि थोडा साबणाचा कीस घालून हलवा. फेस आला नाही, तर मणी धुवायची वेळ झाली.

आता आरोग्याचे. पाण्याचा जडपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम असेल, तर सॉफ्टनर त्यात सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम घालतो. दिवसाला तीन लिटर प्यायलो, तर जवळपास दीड ग्रॅम मीठ नकळत पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. ज्यांना बीपी, हृदयाचा किंवा किडनीचा आजार आहे, त्यांनी हे पाणी पिऊ नये. तान्ह्या बाळाच्या दुधातही ते वापरू नये. पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच काढा.

सॉफ्टनर जंतू मारत नाही, नायट्रेट काढत नाही, खारेपणाही घालवत नाही. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात आपले नातेवाईक असतील, तर त्यांना हे आवर्जून सांगा. खारे पाणी याने गोड होत नाही, पैसा मात्र जातो.

म्हणून यंत्र घेण्याआधी पाणी तपासा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ते तपासून मिळते. भारतीय मानकानुसार जडपणा २०० पर्यंत चांगला. दुसरे पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला. आपल्या हंड्यातले पाणी कसे आहे, हे विचारणे हाही त्याच हक्काचा भाग आहे, असे आम्ही मानतो.