खाडीकाठचे पहिले सत्र

१ जूनपासून मासेमारी बंद होते. रायगड जिल्ह्यातल्या थळ, वरसोली, रेवदंडा, मुरूड इथल्या होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, ओटीवर जाळी दुरुस्त होत असतात. त्याच पंधरवड्यात गावची जिल्हा परिषदेची शाळा उघडते. पहिलीचे पोर पुष्कळदा बापाचे बोट धरून शाळेत येते, कारण सलग घरी असा बाप वर्षात याच दोन महिन्यांत सापडतो. ३१ जुलैला बंदी संपते, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ जातो, गणपती येऊन जातात, भात पिवळे पडते आणि दिवाळीच्या तोंडावर पहिले सत्र संपते. या साडेचार महिन्यांत पहिली ते चौथीची मुले काय काय शिकतात, त्याचा हा आढावा.

कागदावरची अपेक्षा स्पष्ट आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानानुसार तिसरी संपताना मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्यात. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. तोंडी काम, कृती, उपक्रम यांची आकारिक नोंद सत्रभर होते आणि शेवटी संकलित चाचणी होते. ही मापे हवीतच. पण मुलाला घरी ठाऊक असलेल्या गोष्टीची आणि पुस्तकातल्या गोष्टीची गाठ सत्रात किती वेळा पडली, हेही मोजले पाहिजे. माझ्या मते खरे शिकणे त्या गाठीतच होते.

बोली आणि पाटी

भाषेपासूनच पाहू. आगरी-कोळी घरातले मूल ‘पानी’ म्हणते, डोळ्याला ‘डोला’, गाडीला ‘गारी’ आणि मासळीला ‘म्हावरा’. ‘पाऊस परला’ असे त्याने वहीत लिहिले, तर ते कानाला इमान राखून लिहिलेले असते. त्यावर लाल फुली मारली की मूल एवढेच शिकते की आपल्या आईचे बोलणे चुकीचे आहे. जाणत्या बाई फळ्यावर दोन रकाने आखतात, ‘घरात’ आणि ‘पुस्तकात’. एकाखाली ‘परला’, दुसऱ्याखाली ‘पडला’. मुलेच जोड्या सांगू लागतात. ‘ड’ आणि ‘र’, ‘ण’ आणि ‘न’ यांतला फरक तासाभरात कानात बसतो आणि कुणाचा अपमान होत नाही.

कुंडलिका खाडीपलीकडच्या कोर्लईत अंतर याहून मोठे आहे. तिथल्या ख्रिस्ती वाडीत पोर्तुगीजांच्या काळापासून चालत आलेली ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, आजही घरात बोलली जाते. तिथले मूल मराठी शिकते ते दुसरी भाषा म्हणून. त्यात २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहेच. सहा वर्षांच्या जिवाने एका सत्रात तीन भाषांशी जुळवून घेणे ही लहान कामगिरी नव्हे.

पाऊणकी आणि भरती

गणितात दुसरीचा डोंगर म्हणजे संख्यांची नावे. ‘त्रेपन्न’मध्ये तीन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर, लिहायचे मात्र पाच आधी. डॉ. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ असे वाचनही सुचवले, तेव्हा राज्यभर वाद झाला. भाषा बिघडेल ही भीती मनापासूनची होती, पण मुलांची अडचणही तितकीच खरी होती. ती अडचण ज्याने वर्गात पाहिली आहे, तो त्या सूचनेला हसणार नाही.

तिसरीत पाव, अर्धा, पाऊण येतात. पुस्तकात त्यासाठी भाकरी किंवा कागदाची घडी असते. किनाऱ्यावर त्याहून मोठे साधन आहे. आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ केले होते. त्यातली पाऊणकी इथल्या खलाशाला आजही लागते. तिथीची पाऊणपट करा, म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरती दिवसातून दोनदा, म्हणून हीच वेळ अदमासे सकाळी आणि रात्रीही. एका तिथीत पाऊण तासाचा फरक. भिंतीवरचे कॅलेंडर काढून तिथी वाचायची, तिला तीनने गुणून चारने भागायचे आणि शाळा सुटल्यावर किनाऱ्यावर जाऊन उत्तर ताडून पाहायचे. उत्तर मिनिटाला मिनिट जुळणार नाही. ते का जुळले नाही, हा प्रश्न ज्या मुलाला पडला, त्याचे विज्ञान तिथेच सुरू झाले.

पुस्तकातला परिसर, दारातला परिसर

या किनाऱ्याइतका परिसर अभ्यासाला अनुकूल वर्ग दुसरा नसेल. बाष्पीभवन शिकायला पेण-उरणची मिठागरे आहेत. झाडाची मुळे काय काम करतात ते खाडीतली तिवरे दाखवतात. खारे पाणी शेतात का शिरू द्यायचे नाही, हे खारेपाटातल्या मुलाला बांध फुटल्याच्या गोष्टींतून ठाऊक असते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा घरांवरची कौले-पत्रे गेली आणि नारळी-पोफळी मोडल्या. आजच्या चौथीतली मुले तेव्हा अगदी लहान होती. घरच्यांना विचारून त्या दिवसाच्या चार ओळी लिहून आणणे, यातून भाषा, भूगोल आणि इतिहास एकदम साधतात.

चौथीत शिवछत्रपती येतात. थळच्या मुलाला खांदेरी किनाऱ्यावरून दिसते. २०२५ मध्ये रायगड आणि खांदेरी या दोन्ही किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश झाला. अलिबागच्या मुलांना ओहोटीत कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते, पण परत कधी निघायचे ते मात्र पाऊणकीच सांगते. चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमीन न कसता संप चालवला, ही गोष्टही इथल्या मुलांच्या कानावर याच वयात पडावी.

सत्र तुटते तिथे

एवढे सांगून मोठे दुःख सांगायला हवे. कातकरी वाड्यांतल्या कित्येक मुलांसाठी पहिले सत्र हेच अख्खे वर्ष असते. भातकापणी उरकली की दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला जातात, मुले मागोमाग जातात. जूनमध्ये जमू लागलेले अक्षर, ऑक्टोबरमध्ये सुटू लागलेली वजाबाकी भट्टीवर पुसली जाते. पुढच्या जूनमध्ये तेच मूल पुन्हा पहिल्या पानावर उभे असते. मग त्याला ‘मागे पडलेले’ म्हणतात. ते मागे पडलेले नसते, त्याला अर्धेच वर्ष मिळालेले असते.

यावर उपाय आहेत. मूल आजी-आजोबांकडे गावातच राहावे यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. स्थलांतर अटळच असेल, तर भट्टीजवळच्या शाळेत त्याला वयानुरूप वर्गात बसवून घेण्याचा हक्क १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने दिला आहे. मात्र योजना आपल्या पायांनी वाडीवर जात नाही. ती शिक्षक, शाळा व्यवस्थापन समिती आणि गावकऱ्यांनी न्यावी लागते, तीही बिऱ्हाड बांधले जाण्याआधी.

म्हणून वाचकांना विनंती आहे. या दिवाळीत गावी किंवा सहलीला या किनाऱ्यावर आलात, तर ओळखीच्या मुलाला गुण विचारू नका. आज भरती किती वाजता, ते विचारा आणि त्याला मनात तिथीची पाऊणपट करताना बघा. आणि गावात तुमच्या शब्दाला वजन असेल, तर सुट्टी संपायच्या आत एकदा वाडीवर जाऊन या. दुसऱ्या सत्राच्या पहिल्या दिवशी पटावरचे प्रत्येक नाव ‘हजर’ म्हणाले पाहिजे.