औषधातला उजव्या-डाव्याचा फरक आणि कापराची मदत

उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात नीट बसत नाही. अमिनो आम्लांचंही तसंच. घटक तेच, पण दोन रूपं एकमेकांची आरशातली प्रतिमा. विल्सन आजारात शरीरात साठलेलं तांबं बाहेर काढणारं पेनिसिलामाइन 'डी' रूपात औषध आहे, 'एल' रूपात विषारी! अशी वेगळी आम्लं साध्या पद्धतीने बनवली तर दोन्ही रूपं निम्मी-निम्मी मिळतात. मग उपाय काय? जिनिव्हाचे रसायनतज्ज्ञ वोल्फगांग ओपोल्झर यांनी १९८०च्या दशकात कापरापासून मदतनीस रेणू तयार केला. तो ग्लायसिनला जोडला की त्याची एक बाजू झाकली जाते. नवा गट मुख्यतः दुसऱ्या बाजूनेच जोडला जातो. काम झालं की मदतनीस सोडवून पुन्हा वापरता येतो. म्हणूनच औषधाच्या नावातलं ते एक अक्षर आपण हलक्यात घेऊ नये.