पर्णशोभेच्या रोपांना नत्राची मात्रा बेताचीच हवी

आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रवरमजवळच्या कडियमच्या विख्यात रोपवाटिका असोत वा शहरातील गच्चीवरची छोटी बाग, पानांच्या शोभेसाठी वाढविलेल्या रोपांना खत द्यायचे म्हटले, की हात प्रथम युरियाकडे जातो. तो स्वस्त आहे आणि पाने लवकर हिरवी करतो. कोवळ्या रोपांचा घात मात्र अनेकदा त्याच्याच अतिरेकाने होतो.

हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नत्राचे चार अणू असतात. नत्र कमी पडले, की रोप ते जुन्या पानांतून काढून नव्या पालवीकडे वळविते. त्यामुळे खालची पाने आधी पिवळी पडतात. याउलट शेंड्याची पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील, तर ती बहुधा लोहाची उणीव असते. तेथे युरिया वाढवून काहीही साधत नाही.

अरेका पामसारख्या रोपाला पहिले पान पूर्ण उलगडेपर्यंत बियांतील साठा पुरतो. त्यानंतरही प्रश्न मात्रेचाच असतो. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे लिटरभर पाण्यात एक ग्रॅम युरिया घातल्यास ४६० मिलिग्रॅम नत्र मिळते. कोवळ्या रोपांना लिटरमागे ५० ते १०० मिलिग्रॅम पुरेसे होते. दहा लिटरच्या झारीत अवघे दोन ग्रॅम! मूठ किंवा चमच्याच्या अंदाजाने खत घालणाऱ्याकडून ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

नारळाच्या काथ्याच्या भुश्शात, अर्थात कोकोपीटमध्ये, धोका अधिक असतो. युरियाचे आधी अमोनियममध्ये आणि मग जिवाणूंकरवी नायट्रेटमध्ये रूपांतर होते. थंडीत हे दुसरे काम मंदावते आणि साचलेले अमोनियम मुळांना इजा करते. अशा वेळी कॅल्शियम नायट्रेट अधिक सुरक्षित ठरते.

ग्राहक पैसे मोजतो ते पानांच्या रंगासाठी. नेमका तोच जादा नत्राने फिका पडतो: कोलियसच्या लाल-जांभळ्या पानांवर हिरवा रंग चढतो, तर खोड लांबट व लुसलुशीत होऊन वाहतुकीत मोडते. पाममध्ये पालाशाची उणीव असताना नुसते नत्र दिल्यास ती उणीव आणखी बळावते.

पानांची टोके करपू लागली किंवा कुंडीत पांढरा थर दिसला, तर खत थांबवून तळाच्या छिद्रांतून निथळेपर्यंत साधे पाणी द्यावे.