सॉफ्टवेअर आर्किटेक्ट नेमकं काय करतो?

कोल्हापुरात संगणकशास्त्र शिकणाऱ्या अनेक मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा एक समज असतो: दहा-बारा वर्षं प्रोग्रॅमिंग केलं की बढतीत ‘आर्किटेक्ट’ हा हुद्दा मिळतो, मग कोड सुटतो, आकृत्या काढल्या की झालं, आणि तेही पुण्या-बंगळूरच्या मोठ्या कंपन्यांतच. अनुभव लागतो, एवढाच यातला खरा भाग. इमारतीच्या आर्किटेक्टला १९७२ च्या कायद्याने नोंदणी सक्तीची आहे. सॉफ्टवेअरमध्ये तशी सनद नाही. त्यामुळे कार्डावर काय छापलंय याला फारसा अर्थ नाही. नंतर बदलायला महाग पडतील असे निर्णय कोण घेतो आणि त्यांची कारणं कोण देऊ शकतो, हे पाहावं.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. ‘गोकुळ’ दूध संघ १९६३ पासून गावोगावच्या संस्थांमार्फत दूध गोळा करतो. सकाळ-संध्याकाळ दूध मोजलं जातं, फॅट आणि एसएनएफवरून (फॅट सोडून दुधातले घन घटक) दर लागतो. अशा संस्थांसाठी नवी संगणकप्रणाली बांधायची ठरली, तर गगनबावड्याच्या डोंगरात पहाटे इंटरनेट गेल्यावर उत्पादकाला किटली घेऊन ताटकळत ठेवायचं का, हा पहिला प्रश्न. ठेवायचं नसेल तर नोंद आधी संस्थेतल्याच संगणकावर व्हायला हवी आणि नेट आल्यावर वर जायला हवी. हे ठरलं की पुढचं आपोआप येतं. तीच नोंद दोनदा पोचून बिल दोनदा निघू नये म्हणून तिला गावातच स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो. दर मध्येच बदलला तर कोणता लावला हे नोंदीसोबत साठवावं लागतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला, तेव्हा माहितीची दुसरी प्रतही पंचगंगेच्या पूररेषेत ठेवून चालणार नाही. हे सगळं नुसत्या आकृतीतून सुचत नाही. संस्थेचा सचिव कसं काम करतो ते पाहावं लागतं, आणि मधेच नेट तुटल्यावर प्रणाली काय करते हे स्वतः कोड लिहून तपासावं लागतं.

‘कोड बिनचूक असला की पुरे’ हा समज तर धोक्याचा. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियन-५ रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. त्याचं दिशादर्शक सॉफ्टवेअर एरियन-४ वरून घेतलेलं होतं आणि तिथे ते चोख चाललं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त. त्यामुळे त्या वेगाशी निगडित ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही. राखीव संगणक होता, पण त्यावरही तेच सॉफ्टवेअर असल्यामुळे दोन्ही एकाच कारणाने बंद पडले. राखीव यंत्रणा कोणत्या बिघाडासाठी आहे, हा प्रश्न कोडच्या एखाद्या ओळीत सापडत नाही. तो पूर्ण रचनेचा प्रश्न आहे.

यावर आक्षेप येतो की अजाइल पद्धतीत, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत बदलत बांधण्याच्या पद्धतीत, आर्किटेक्टची गरजच उरत नाही. २००१ च्या अजाइल जाहीरनाम्यासोबतची तत्त्वं मात्र सांगतात, की उत्तम आर्किटेक्चर स्वतःची घडी स्वतः बसवणाऱ्या चमूतून उभं राहतं. म्हणजे आर्किटेक्चर लागतंच. ते चमू घडवतो. पाच जणांच्या कंपनीला वेगळा पगारी आर्किटेक्ट परवडणार नाही, हेही खरं. पण निर्णय तिथेही होतात, आणि कुणी जबाबदारी घेतली नाही तर ते घाईत, न बोलता होतात. शिवाजी विद्यापीठातून नुकती बाहेर पडलेली मुलगीसुद्धा पहिल्याच नोकरीत हे काम सुरू करू शकते: हाच डेटाबेस का निवडला हे विचारायचं, आणि नाकारलेल्या पर्यायांसह ते उत्तर एका पानावर लिहून ठेवायचं.