उपग्रहाला दिसलेला ठिपका: वणवा, राब की भट्टी?

एप्रिलमध्ये संध्याकाळच्या डहाणू लोकलने निघालात, तर पालघरनंतर पूर्वेकडच्या खिडकीतून बघा. एखाद्या दिवशी डोंगरावर नारिंगी रेघ सरकताना दिसेल. तो वणवा. अलीकडच्या शेतात धुमसतो तो भाताच्या रोपांसाठी भाजलेला राब. आणि बोईसरला पश्चिमेकडे तारापूर एमआयडीसी, तिथल्या भट्ट्या. आपल्याला या तिन्हींतला फरक लगेच कळतो. उपग्रहाला मात्र तिन्ही म्हणजे एकेक गरम ठिपका. माझी पीएचडी या ठिपक्याभोवतीच फिरते, म्हणून आज तो समजून घेऊ.

आगी टिपणाऱ्या ‘व्हिअर्स’ या उपग्रहावरच्या उपकरणाचा एक पिक्सेल 375 मीटर लांब-रुंद असतो. म्हणजे साधारण 35 एकर, 1400 गुंठे. एवढ्यात एकच गुंठा पेटला तर कळणार कसं?

इथेच खरी गंमत आहे. 27 अंशांची जमीन आणि 527 अंशांची आग, दोन्ही उष्णतेचे किरण सोडतात. 11 मायक्रॉन तरंगलांबीवर आग जमिनीच्या जेमतेम 19 पट चमकते, पण 4 मायक्रॉनवर सुमारे 1800 पट! त्यामुळे गणित असं सांगतं, की रात्री एक गुंठा पेटला तरी अख्ख्या पिक्सेलची चमक दुपटीहून वाढते.

म्हणजे आग दिसते. पण कसली, ते दिसत नाही.

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून असे इशारे वनकर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर येतात. जंगलाच्या हद्दीचा नकाशा लावला की कारखाने गळून जातात; त्यांची जागा ठरलेली असते. राब मात्र तसा गळत नाही. वरकस जमिनी आणि वनपट्टे जंगलाला अगदी खेटून असतात. मग दोन धोके. एकतर वनरक्षक राबामागे धावतो आणि खरा वणवा दुसऱ्या डोंगरावर पसरतो. नाहीतर पिढ्यान्‌पिढ्या राब भाजणारा शेतकरी जंगल जाळणारा ठरतो.

इथे ड्रोनवरचा थर्मल कॅमेरा कामाला येतो. 100 मीटर उंचीवरून त्याचा एक पिक्सेल साधारण वीतभर, कधी त्याहूनही लहान. त्यात आकार दिसतो. राब म्हणजे कडा असलेला, जागेवरच निवणारा तुकडा. वणवा म्हणजे सरकणारी वाकडी रेघ, पुढे गार गवत, मागे कोमट राख. धुरातूनही ही रेघ बऱ्यापैकी दिसते. शिवाय आग विझली असं वाटल्यावर आत धुमसत राहिलेले बुंधे सापडतात. वारा सुटला की तेच पुन्हा पेटतात.

पण कॅमेरा म्हणजे जादू नव्हे. दाट पानांखालची आग तो बघू शकत नाही. भर दुपारी तापलेला कातळ आणि पत्रे त्यालाही फसवतात, म्हणून पहाटेचं उड्डाण बरं. बॅटरी थोड्याच वेळात संपते. आणि तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या आसपास परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही म्हणजे नाही!

म्हणून उपग्रह की ड्रोन, हा वादच चुकीचा आहे. उपग्रहाने कुठे बघायचं ते सांगावं, ड्रोनने काय पेटलंय ते. आणि राब कोणी, कधी लावला, हे गावात एक फोन केला तरी कळतं. तो फोन आधी करावा.