ओसरीवरची शाळा

औराद म्हटलं की बहुतेकांना निलंगा तालुक्यातलं औराद शहाजानी आठवतं. आमचं औराद ते नव्हे. आमचं औराद कर्नाटकात, बीदर जिल्ह्यात. बीदर इथून चाळीसेक किलोमीटर. उत्तरेला गेलं की महाराष्ट्र, पूर्वेला गेलं की तेलंगणा. बसस्टँडवर उभं राहिलं तर पाच मिनिटांत मराठी, कन्नड, दखनी, तेलुगू आणि लंबाणी अशा सगळ्या भाषा कानावर पडतात. मी इथलाच. बीदरला बीई केलं, पुण्यात अकरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली आणि आता चौथं वर्ष सुरू आहे, मी घरी पाच मुलांना शिकवतो.

पाच म्हणजे माझी तीन आणि दादाची दोन. दादाची मुलगी तेरा वर्षांची, माझा मोठा मुलगा अकरा, दादाचा मुलगा दहा, माझी मुलगी आठ आणि धाकटा पाच. घरात आई, अण्णा, दादा, वहिनी, मी आणि माझी बायको धरून अकरा माणसं. बायको बँकेत आहे. बीदरला बदली मागून घेतली आणि रोज बसने जाऊन-येऊन करते. दादा शेती बघतो. मी घर आणि मुलं बघतो. कुणी विचारलं तर आई अजून सांगते, "त्याचं काँप्युटरचं काम चालू हाय घरून." रात्री मुलं झोपल्यावर दोन तास मी खरंच कोड लिहितो, त्यामुळे आई अगदीच खोटं बोलते असं म्हणता येत नाही.

सुरुवात कशी झाली

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागलं आणि आम्ही पुण्याहून गावी आलो. दोन वर्षं घरून काम केलं. 2022 च्या उन्हाळ्यात कंपनीने परत ऑफिसला बोलावलं. तोवर मोठा मुलगा सात वर्षांचा झाला होता आणि त्याला वाचता येत नव्हतं.

सुरुवातीला आम्ही लॉकडाऊनला दोष दिला. मग शाळा उघडल्या. शाळेतून वही यायची ती लाल शेऱ्यांनी भरलेली. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांत त्याचा रोज गोंधळ व्हायचा. कालचा शब्द आज अनोळखी व्हायचा. सकाळी शाळेची वेळ झाली की तो पलंगाखाली जाऊन बसायचा. मी पाय धरून बाहेर ओढायचो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण असं दोन-तीन महिने मी केलं. एके दिवशी तो बाहेर आला आणि म्हणाला, "बाबा, मी ढ आहे ना, मग मला का पाठवता?" 'ढ' हे अक्षर मात्र त्याला पक्कं येत होतं.

हैदराबादला तपासणी केली तेव्हा कळलं की हा डिसलेक्सिया आहे. बुद्धीत काही उणं नाही, अक्षरांची जुळणी करायला डोकं जास्त वेळ घेतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात याची नोंद आहे आणि परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण सवलत परीक्षेला असते. रोज सकाळचं काय करायचं, ते त्या कागदावर नव्हतं.

मी राजीनामा दिला. बायकोने एकच अट घातली : "तू हे वर्षभर करणार असशील तर कर. दोन महिन्यांनी कंटाळून परत पुण्याला पळणार असशील, तर आत्ताच जा."

वेळापत्रकाची गोष्ट

पहिल्या आठवड्यात मी एक्सेलमध्ये रंगीत वेळापत्रक केलं. पंचेचाळीस मिनिटांचे तास, मध्ये दहा मिनिटांची सुट्टी. ते आठ दिवस टिकलं. नवव्या दिवशी नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी आलं की बाकी सगळं थांबतं. घागरी, बादल्या, टाकी. गणिताचा तास पाण्यात गेला. मी चिडलो. मग पुतणीने विचारलं, "काका, एका बादलीत किती लिटर असतं?" बादल्या मोजल्या, टाकीची लांबी-रुंदी-खोली मोजली आणि त्या दिवशी घनफळ शिकवून झालं. वेळापत्रक मी नंतर प्रिंटच केलं नाही.

आता दिवस साधारण असा जातो. सकाळी बायको बसला निघेपर्यंत आंघोळी, दूध, सुशीला नाहीतर पोहे. नऊ वाजता सगळे ओसरीवर. पहिला तास वाचनाचा, आणि तो कुणाच्याही घरी येण्याने मोडायचा नाही एवढा एकच नियम आहे. मोठी मुलं लहानांना वाचून दाखवतात. मग दोन तास गणित आणि विज्ञान. इयत्ता अशी नाही, कोण कुठे अडलंय ते बघून गट करतो. आठ वर्षांची मुलगी गुणाकारात दहा वर्षांच्या भावाबरोबर बसते आणि त्याला ते अजिबात आवडत नाही. दुपारी धाकटा झोपला की मोठ्यांचं लिखाण. चारनंतर अण्णांबरोबर शेत, गाय, सायकल.

मोठ्या मुलासाठी वेगळं काम. ताटात रवा पसरून बोटाने अक्षर गिरवायचं, तोंडाने आवाज काढायचा, आठवड्याला दोन-तीनच अक्षरं. चौदा महिने लागले. एक दिवस मोटारसायकलवर माझ्या पुढे बसून त्याने रस्त्यावरची पाटी मोठ्याने वाचली : "येथे पंक्चर काढून मिळेल." मी गाडी बाजूला घेतली आणि थोडा वेळ तसाच उभा राहिलो. आजही तो सावकाश वाचतो. पण परवा तुरीची कट्टी भरताना साडेएक्केचाळीस कट्टे झाले, पन्नास किलोचा एक. मी खिशातून मोबाईल काढेपर्यंत तो म्हणाला, "वीस क्विंटल पंच्याहत्तर किलो."

पुस्तकं आणि गाव

साहित्य कुठून आणता, असं मला पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात. बालभारतीची पुस्तकं नेटवर फुकट मिळतात. 1971 पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक मिळतात. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेली शेकडो खेळणी आणि त्यांची मराठी पुस्तकं मिळतात. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर काडेपेटी आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून भूमिती शिकवतो, हे बघून मला माझ्या डिग्रीबद्दल जरा बरं वाटतं.

बाकीचं गावात आहे. बीदरला महमूद गवानचा मदरसा आहे, 1472 चा. इराणातल्या गिलानहून आलेल्या या वजिराने बांधलेलं ते विद्यापीठच होतं, मोठं ग्रंथालय असलेलं. तिथे मुलांना नेलं तेव्हा धाकटीने विचारलं, "एवढी मोठी शाळा, मग इथं मुलं का नाहीत?" शाळा बंद का पडतात, यावर त्या दिवशी आमची बरीच चर्चा झाली. बीदरचेच करेझ, म्हणजे बहामनी काळातले जमिनीखालचे पाण्याचे बोगदे, बघून आल्यावर उताराचं गणित समजवावं लागलं नाही. बिदरी कामात सोळा भाग जस्ताला एक भाग तांबं घेतात. गुणोत्तराचं याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आणि अण्णा. आमच्या घरात शिक्षणाची भाषा दर पिढीला बदलली. आजोबा निजामाच्या राज्यात शिकले, उर्दूत. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, 1 नोव्हेंबर 1956 ला जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर मुंबई राज्यात गेलं, आम्ही म्हैसूर राज्यात. अण्णा मराठी शाळेत शिकले. मी मराठी शाळेत, पण कन्नड हा विषय घेऊन, आणि पुढे सगळं इंग्रजीत. आजोबांची उर्दूतली हिशोबाची वही अजून कपाटात आहे. घरात ती कुणालाच वाचता येत नाही. मुलांना ही वही दाखवली की इतिहास शिकवायला वेगळं काही लागत नाही.

कायदा काय म्हणतो

हा प्रश्न हमखास येतो, म्हणून थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे, असं त्याचं दहावं कलम सांगतं. पालकाला शिक्षा मात्र सांगितलेली नाही. घरी शिकवण्याला स्पष्ट मनाई नाही आणि स्पष्ट मान्यताही नाही. दुसरी बाजू अशी की याच कायद्यामुळे घरी शिकलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळू शकतो.

परीक्षेसाठी एनआयओएस ही केंद्र सरकारची मुक्त शाळा आहे, 1989 पासूनची. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या तीन पातळ्या आहेत. चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. मोठ्या मुलासाठी आम्ही हाच रस्ता धरला आहे.

पुतणी

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो, ते सांगतो.

पुतणी ही माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. पाहुणे आले की मी तिलाच पुढे करायचो. घरी शिकूनसुद्धा मूल कुठे पोचतं, याचा ती माझ्याजवळचा पुरावा होती. गेल्या वर्षी मे महिन्यात ती म्हणाली, "काका, मला हायस्कूलला जायचंय."

मी विचारलं, इथे काय कमी आहे? ती म्हणाली, "कमी काही नाही. पण मला मैत्रिणी पाहिजेत. इथं सगळे भाऊच आहेत, नाहीतर लहान."

मी चार दिवस तिच्याशी नीट बोललो नाही. शाळेत कसं रट्टा मारून घेतात, यावर तिला भाषण दिलं. पाचव्या दिवशी भाकऱ्या थापता थापता वहिनी म्हणाल्या, "भावजी, पोरगी शिकली पाहिजे एवढंच मला कळतंय. तुमच्याजवळ शिकायची का शाळेत, ते तिला ठरवू द्या. तुम्ही पोराला पलंगाखालून ओढून शाळेत नेत होता. आता हिला ओढून घरात ठेवू नका."

यावर मला उत्तर नव्हतं. जूनमध्ये तिला आठवीत घातलं. महिन्याभरात पहिली चाचणी झाली. गणितात पंचवीसपैकी चोवीस. कन्नडमध्ये अकरा.

ही चूक सर्वस्वी माझी. कर्नाटकात राहायचं तर कन्नड लागतंच. शाळेत, ऑफिसात, नोकरीत. 2015 च्या कायद्याने तर ते शाळांमध्ये सक्तीचंच केलं आहे. पण माझं स्वतःचं कन्नड कच्चं, म्हणून मी तो विषय 'नंतर बघू' म्हणत तीन वर्षं ढकलला. मला जे येत नव्हतं, तेच नेमकं मुलांना आलं नाही. शाळेत निदान प्रत्येक विषयाला वेगळे सर असतात. आमच्याकडे सगळ्या विषयांना मी एकटा, आणि माझी भीती सगळ्या मुलांच्या वाट्याला.

त्या संध्याकाळी पुतणी रडत बसली होती. वहिनींनी पदराला हात पुसले, तिची वही घेतली आणि चुका वाचायला लागल्या. कन्नडमधून, धडाधड. वहिनींचं माहेर हुमनाबादकडचं. सातवीपर्यंत त्या कन्नड शाळेत शिकल्या आहेत. हे मला लग्नापासून माहीत होतं. तीन वर्षं त्या दहा पावलांवर भाकऱ्या करत होत्या आणि मला एकदाही वाटलं नाही की यांना विचारावं. का? तर त्या सातवी शिकलेल्या आणि मी बीई. मुलाला 'ढ' म्हणणाऱ्यांवर मी चिडलो होतो, आणि घरातल्या माणसाला मीही तसंच मोजलं होतं.

आता रोज संध्याकाळी पाच ते सहा कन्नडचा तास असतो. शिक्षिका वहिनी. विद्यार्थी सहा, कारण सहावा मी. भाकऱ्या दादा आणि मोठा मुलगा मिळून करतात. त्या गोल होत नाहीत, पण पोट भरतं. दिवाळीआधीच्या परीक्षेत पुतणीला कन्नडमध्ये पंचवीसपैकी अठरा मिळाले. मला वहिनींनी दिलेल्या शुद्धलेखनात दहापैकी सहा.

शेवटी

आपल्या मंडळातली बरीच कुटुंबं नोकरीमुळे दूर स्थिरावली आहेत. मुलांच्या शाळेला कंटाळून 'आपणही घरीच शिकवावं का' असं काहींनी मला फोनवर विचारलं. मी कुणाला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. आमच्याकडे एक पगार पुरतो, कारण घर स्वतःचं आहे आणि ज्वारी, तूर शेतातली. माझ्या बायकोची नोकरी आहे, आणि रोजच्या प्रवासाने ती किती दमते ते मी बघतो. हे सगळ्यांनाच जमेल असं नाही.

एवढंच सांगेन की ठरवण्याआधी घरातल्या प्रत्येक माणसाला काय काय येतं, त्याची एक यादी करा. आज्जीपासून सुरुवात करा. मी ती केली नाही, म्हणून एका मुलीची तीन वर्षं कन्नडवाचून गेली. आणि दरवर्षी मे महिन्यात मुलांना विचारा, पुढच्या वर्षी कुठे शिकायचंय? उत्तर आवडलं नाही तरी चार दिवस रुसून बसू नका.

यंदा मोठ्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "अजून एक वर्ष घरी. मग बघू." लेकीला मात्र दीदीसारखा गणवेश हवाय. तिच्या प्रवेशासाठी परवा शाळेत जाऊन आलो. अर्ज कन्नडमध्ये होता. मीच भरला. वहिनींनी तपासला, दोन चुका निघाल्या.