दहा लाखांत बत्तीस

यकृतातली कर्करोगाची गाठ आपलं रक्त जवळजवळ सगळं धमनीतून ओढून घेते. निरोगी यकृताला मात्र सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं. एवढाच फरक हेरून डॉक्टरांनी एक उपचार उभा केला आहे. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून कॅथेटर यकृतापर्यंत न्यायचा आणि त्यातून काचेचे किंवा रेझिनचे लक्षावधी सूक्ष्म मणी सोडायचे. काचेचा मणी २० ते ३० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्याहूनही बारीक. रक्ताबरोबर हे मणी गाठीतल्या चिमुकल्या वाहिन्यांत शिरतात आणि तिथेच कायमचे अडकून बसतात. त्यांच्यात किरणोत्सारी यिट्रियम-९० असतं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही असे काचेचे मणी तयार केले आहेत. त्यांचं नाव ‘भाभास्फिअर’.

यिट्रियममधून निघणारे बीटा कण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, शरीरात सरासरी अडीच मिलिमीटर आणि फार तर ११ मिलिमीटर जातात. जे जाळायचं ते तेवढ्या अंतरात. उपचार म्हणून याहून चांगलं काय हवं? पण मग बाहेर काहीच येत नसेल, तर मणी नेमके कुठे जाऊन बसले हे कळायचं कसं?

आधी रंगीत तालीम होते. टेक्नेशियम लावलेले प्रथिनाचे कण त्याच वाटेने सोडतात आणि ते कुठे जातात, फुप्फुसाकडे किती निसटतात, हे गॅमा कॅमेऱ्याने पाहतात. पण प्रथिनाचे कण म्हणजे मणी नव्हेत. खऱ्या उपचाराच्या दिवशी कॅथेटरचं टोक थोडं सरकलं, तरी प्रवाह धमनीच्या दुसऱ्याच फांदीकडे वळू शकतो. वाट चुकलेले मणी जठराच्या भिंतीत रुतले, तर तिथे सहजी न भरणारा व्रण होतो. म्हणून उपचारानंतर पुन्हा पाहणं आलंच. इलेक्ट्रॉन ऊतींमध्ये थबकताना थोडे क्ष-किरण सुटतात, आणि पुष्कळ वर्षं डॉक्टरांची सारी भिस्त त्यांच्यावरच होती. या किरणांना ठरावीक अशी ऊर्जा नसते, त्यामुळे चित्र धूसर येतं.

स्पष्ट चित्राची वाट निघाली ती अणूच्या केंद्रकातून, आणि तीही एका मनाईमुळे. बीटा कण टाकला की यिट्रियमचं झिर्कोनियम-९० होतं आणि बहुतेक वेळा ते थेट स्थिर अवस्थेत जातं. दहा हजारांत एखाद्या वेळी मात्र १.७६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा त्याच्याकडे शिल्लक राहते. एरवी केंद्रक अशी ऊर्जा गॅमा किरणाच्या रूपात टाकून मोकळं होतं. इथे ते शक्यच नाही. प्रकाशाचा एक कण बाहेर पडताना कोनीय संवेगाचा किमान एक अंश बरोबर घेऊन जातो, आणि या केंद्रकाच्या आधीच्या व नंतरच्या, दोन्ही अवस्थांत तो संवेग शून्य असतो. द्यायला काही नाही, म्हणून गॅमा किरण नाही. मग कधी ती ऊर्जा अणूतल्याच एखाद्या इलेक्ट्रॉनला मिळते, आणि कधी तिच्यातून एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन जन्माला येतात. ऊर्जेतून पदार्थ! तोही कुठल्या प्रचंड यंत्रात नव्हे, तर उपचार घेऊन खाटेवर पडलेल्या माणसाच्या यकृतात. मला यापुढे बाकी सगळं फिकं वाटतं.

झिर्कोनियमच्या या अवस्थेचं भाकीत केनेथ फोर्ड यांनी १९५५ साली केलं होतं. दहा लाख विघटनांमागे असे पॉझिट्रॉन किती, याचं काटेकोर मोजमाप अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलं: जेमतेम ३२. पॉझिट्रॉनला इलेक्ट्रॉन भेटला की दोघंही नाहीसे होतात आणि विरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण धावतात. पेट स्कॅनर नेमकी हीच जोडी टिपतो. २००९ साली बेल्जियममधल्या डॉक्टरांनी रुग्णाच्या यकृतातल्या मण्यांची पेट प्रतिमा प्रसिद्ध केली.

नेहमीच्या पेट तपासणीत वापरतात त्या फ्लोरीन-१८च्या शंभरातल्या ९७ विघटनांत पॉझिट्रॉन निघतो. त्यापुढे ३२ म्हणजे काहीच नाही. पण मण्यांमध्ये तीन गिगाबेकरेल यिट्रियम असेल, तर दर सेकंदाला तीन अब्ज विघटनं होतात, आणि त्यांतून सुमारे ९६ हजार पॉझिट्रॉन. चित्र काढायला तेवढे पुरतात, फक्त स्कॅनरला जास्त वेळ द्यावा लागतो. त्यातही एक पेच आहे. अनेक स्कॅनरांच्या स्फटिकांत ल्युटेशियम असतं, आणि नैसर्गिक ल्युटेशियमचा थोडा भाग स्वतःच किरणोत्सारी असतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे ३,७०० कोटी वर्षं, विश्वाच्या वयाच्या अडीचपटीहून जास्त. इतक्या संथ विघटनाचीही कुजबुज अशा क्षीण संदेशात मिसळते. जोडीतले दोन किरण किती अंतराने पोहोचले हे नॅनोसेकंदाच्या अंशापर्यंत मोजणारे स्कॅनर इथे उपयोगी पडतात.

मणी जागचे हलत नाहीत, त्यामुळे एकच चित्र पुरतं. यिट्रियमचं अर्धायुष्य ६४ तासांचं. एक गिगाबेकरेल एक किलो ऊतीत समान पसरलं, तर अखेर सुमारे ५० ग्रे मात्रा मिळते. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला असा आकडा लावता येतो. या आकड्याला किती मोल आहे ते फ्रान्समधल्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डोसीस्फिअर’ चाचणीत दिसलं. सरसकट ठरवलेली मात्रा घेतलेल्या गटात ३६ टक्के रुग्णांच्या गाठींनी प्रतिसाद दिला, तर गाठीपुरती किमान २०५ ग्रे मात्रा आखून दिलेल्या गटात ७१ टक्के.

त्या चाचणीत मात्रा तालमीच्या चित्रावरून आखली होती. ती खरोखर पोहोचली का, हे पेट सांगते. गाठीची एखादी कड मण्यांवाचून राहिलेली दिसली, तर पुढे काय करायचं याचा विचार त्याच आठवड्यात सुरू होऊ शकतो. नाहीतर गाठ आक्रसते का ते सीटी किंवा एमआरआयमध्ये दिसेपर्यंत महिनोन्‌महिने थांबावं लागतं.